तिसऱ्या नावापाशी

९ ऑक्टोबर

ही वही दामिराने दिली. दामिरा म्हणजे आमच्या या किर्गिझ खेड्यात नारिन शहराहून महिन्यातून एकदा येणारी व्यायामाची बाई. वय सत्तावीस, अधिकार साठीचा. वहीत तिने पट्टीने चार रकाने आखून दिले आहेत: तारीख, कोणता पाय, किती वेळ, रडली का. "एवढंच लिहायचं, बायके. निबंध नको," असं बजावून गेली. बायके ही इथे वडीलधाऱ्या पुरुषाला मारायची हाक. पुण्याच्या साप्ताहिकाला तीस वर्षं मध्य आशियाची वार्तापत्रं पाठवणाऱ्या माणसाला चार रकान्यांत कोंबणं म्हणजे उंटाला पाळण्यात निजवणं. पहिल्याच पानावर रकाने मोडले.

आजची नोंद: उजवा. अर्ध्या मिनिटाच्या आत. रडली.

रडली ती बेरमेत. वय सहा. माझी बायको कुलीपा हिची नात. कुलीपा मे महिन्यात गेली. बेरमेतची आई एलनुरा मॉस्कोत एका उपाहारगृहात भांडी घासते. एलनुरा कुलीपाच्या पहिल्या नवऱ्याची. म्हणजे रक्ताच्या नात्याने बेरमेत आणि मी एकमेकांचे कोणीही नाही. घरात मात्र आम्ही दोघंच.

११ ऑक्टोबर

परवा दामिरासमोर मी 'लुळे पाय' असा शब्द वापरला. ती उखडली.

"लुळे? बायके, हात लावून बघा. लोखंड आहे लोखंड!"

मग तिने चहा बाजूला ठेवून मला शिकवलं. जन्माच्या वेळी बेरमेतला श्वास मिळायला उशीर झाला आणि मेंदूचा एक कोपरा दुखावला. पायांत काही दोष नाही. त्यांना वरून सारखा एकच हुकूम सुटतो, ताण, ताण, ताण, आणि ते बिचारे आज्ञाधारक. म्हणून मांड्या कात्रीसारख्या एकमेकींवर चढतात. दुखापत वाढणार नाही, पण बरीही होणार नाही. हाडं मात्र वाढत राहणार, आणि स्नायू रोज सैल केले नाहीत तर ते आखूड पडून एक दिवस खुबा निसटणार.

"आणि बोलत नाही ते?"

"जीभ म्हणजे तरी काय, बायके? स्नायूच."

वाक्य सुरेख आहे, म्हणून लिहून ठेवलं.

कृती अशी: गुडघा दुमडायचा, पाय हलकेच बाहेर न्यायचा आणि आतली ओढ सुटेपर्यंत धरून ठेवायचा. ओढायचं नाही. रडली तर सोडायचं. किती वेळ धरायचा, तर सात नावं सावकाश म्हणेपर्यंत. "तुम्हाला आकडे मोजायला सांगितले तर तुम्ही पळत सुटाल. हिच्या सात बापजाद्यांची नावं म्हणा. बापजाद्यांना घाई नसते."

इथे ज्याला सात पिढ्या सांगता येत नाहीत त्याला बेवारशी म्हणतात. बेरमेतचा बाप दुसरं लग्न करून पसार झाला, पण कुलीपा रोज संध्याकाळी पोरीच्या कानाशी त्याच्याच घराण्याची नावं म्हणायची. "बापाने टाकली, बापाच्या बापांनी कुठे टाकली?" असं तिचं म्हणणं. मी पडद्यापलीकडून ऐकायचो. ज्याने बाराव्या वर्षी अख्खी शब्दरूपावली छड्या न खाता पाठ केली, त्याला सात नावं म्हणजे काय! अझामत, सुयुनबाय, देरबिश, ओमुरझाक, कारीबेक, बोरुबाय, सातिके. आमच्या पाठशाळेत पाठांतरात मात्रासुद्धा इकडची तिकडे होत नसे.

१५ ऑक्टोबर

उजवा: तिसऱ्या नावाला रडली. सोडला.
डावा: तिसऱ्या नावाला रडली. सोडला.

रडणं म्हणजे साधं रडणं नव्हे. अंग धनुष्यासारखं ताठतं, मान मागे जाते आणि जी किंकाळी निघते तिने शेजारच्या तुर्दाकुनबाबांची गाय वळून पाहते.

१९ ऑक्टोबर

हातांचाही व्यायाम आहे. आज कोपर उघडलं. तिसऱ्या नावाला किंकाळी. दुखणं विलक्षण वक्तशीर आहे. पाय असो वा हात, तिसऱ्या नावाला हजर.

दुपारी ती भिंतीला टेकवलेल्या गाद्यांमध्ये बसली होती आणि मी तिला मराठीतून वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. म्हणजे मीच लिहिलेला मजकूर. कुलीपा गेल्यापासून घरात मराठी ऐकायला दुसरं कोणी नाही. कुलीपालाही समजत नव्हतीच, पण ती हुंकार देई. बेरमेत मध्येच हसते. मी संपादकाला शिव्या घालतो तिथे हटकून हसते. योगायोग.

२३ ऑक्टोबर

एलनुराचा फोन. तो स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर उभा करून ठेवला, म्हणजे आईला लेक दिसावी. वीस नोव्हेंबरला नारिनला आयोग बसणार आहे. मूल शिकण्याजोगं आहे की नाही ते आयोग ठरवतो. नाही म्हणाला, तर शाळेचं दार बंद आणि कागद निघतो तो वसतिगृहाचा. ते वसतिगृह मी एकदा बातमीसाठी पाहिलं आहे. खाटांच्या रांगा, आणि खाटेवर निजून छत पाहणारी मुलं.

"आबा, खरं सांगा. थकलात का तुम्ही?"

"पाठ थकली आहे. मी अजून नाही."

"तिथे निदान बायका असतात हो. आंघोळीला, कपड्यांना."

"असतात. चाळीस मुलांना दोन."

"मग काय करू मी? परत येऊ? खायचं काय?"

"तसं पाहिलं तर," मी म्हणालो, "तिला इथे काय आणि तिथे काय, फरक कळणार आहे का? वेळ आली तर ठेवू."

म्हणालो खरा. मनातलं सगळं या वहीत लिहायचं ठरवलं आहे, म्हणून हेही लिहितो: म्हणताना हलकं वाटलं.

शेवटी एलनुराने फोनवरून सात नावं म्हटली. बेरमेत सातही शांतपणे ऐकत राहिली. अर्थात तेव्हा तिचा पाय कोणी धरलेला नव्हता. संध्याकाळी जेवली नाही.

२६ ऑक्टोबर

दोन दिवस नीट खात नाही. आज व्यायाम न करता, नुसतीच थोपटत नावं म्हटली. तरी तिसऱ्याला किंकाळी! म्हणजे आता नुसत्या आठवणीनेही दुखतं. खुबा निसटला असणार. दामिराला फोन केला. ती म्हणाली, क्ष-किरण चित्र काढून आणा.

३० ऑक्टोबर

नारिन. भाड्याच्या गाडीत मांडीवर बेरमेत, दोघांवर मिळून एक कांबळं. ड्रायव्हर सारखा आरशातून पाहत होता. शेवटी म्हणाला, "कशानं झालं हे? दृष्ट लागली?" मी म्हणालो, "हवा कमी पडली." त्याने ताबडतोब खिडकी उघडली. दहा मैल गारठलो.

डॉक्टरांनी चित्र उजेडासमोर धरलं. "खुबा जागेवर आहे, आजोबा. तुमची शंका तेवढी जागेवर नाही."

मग ही रडते कशाने? चित्रात ते दिसत नाही म्हणाले.

८ नोव्हेंबर

घडलं ते क्रमाने लिहितो. क्रमाचं महत्त्व मला आजच कळलं आहे.

सकाळी बर्फ. तुर्दाकुनबाबा फावडं परत द्यायला आले. वय अठ्ठ्याहत्तर. मी या गावचा जावई, त्यामुळे माझी टवाळी करणं हा गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याचा हक्क. माझं गजानन हे नाव इथे पहिल्याच वर्षी घासून 'कझान' झालं. कझान म्हणजे मोठी कढई.

"कढई, चहा आहे का नुसतीच वाफ?"

"बसा बाबा. हिचा पाय होऊ दे."

ते चुलीपाशी बसले. मी डावा पाय धरला आणि सुरुवात केली. अझामत. सुयुनबाय. देरबिश. किंकाळी! मी पाय सोडणार इतक्यात म्हातारा तिच्याहून मोठ्याने ओरडला.

"अरे ए जावई! बापाला मुलाचा मुलगा केलास की रे!"

"कोण? कोणाला?"

"देरबिश ओमुरझाकचा बाप! सुयुनबायचा बाप ओमुरझाक. ओमुरझाकचा बाप देरबिश. अरे, सुयुनबाय आणि मी एका रणगाड्यात दोन वर्षं काढली. त्याच्या आज्याला तू त्याचा बाप करून ठेवलास! पोर बोंबलेल नाही तर काय गाईल?"

मी हसलो. बाबांना म्हणालो, "तिला काय कळतंय!" म्हातारा उठला, गुडघे मोडत तिच्याशेजारी बसला आणि दाढी तिच्या गालाला लागेल इतकं वाकून सावकाश म्हणाला: अझामत, सुयुनबाय, ओमुरझाक, देरबिश, कारीबेक, बोरुबाय, सातिके.

बेरमेतचं अंग लोण्यासारखं सैल झालं. आणि मग ती हसली. तिला हसायला सगळं अंग लागतं. हात एकीकडे, पाय दुसरीकडे, एक मोजा चुलीवर.

"ही चूक काढत होती तुझी," बाबा म्हणाले. "महिनाभर. आणि तू हिचा खुबा बघायला गेलास."

९ नोव्हेंबर

एकटा असताना पडताळा घेतला. बरोबर क्रम: शांत. चुकीचा: किंकाळी. नाव गाळलं: किंकाळी. दहा वेळा केलं. दहाव्यांदा ती माझ्याकडे अशी पाहू लागली, की मंद विद्यार्थ्याकडे आमचे गुरुजीही तसे पाहत नसत. डावा पाय सातव्या नावापर्यंत धरला. ओढ सुटल्याचं पहिल्यांदाच हाताला कळलं. बर्फाखाली पाणी हलावं तसं काहीतरी.

संध्याकाळी जेवायला बसलो आणि घास हातातच राहिला. तिला नावं समजतात, तर आणखी काय काय समजतं? सहा वर्षांत तिच्यासमोर मी काय काय बोललो? पाहुण्यांना म्हणालो आहे, "ही अशीच." कुलीपा आजारी असताना डॉक्टरांना म्हणालो आहे, "हिला उचलून उचलूनच तिची पाठ गेली." आणि तेवीस ऑक्टोबर. ते पान मी आत्ता पुन्हा वाचलं. तिला इथे काय आणि तिथे काय.

दोन दिवस जेवली नव्हती.

आज पुढे लिहीत नाही.

१२ नोव्हेंबर

दामिरा आली. तिला वाटलं मला आनंद झाला असेल. झाला होता, पण तो घरात आणि मी अंगणात, अशी अवस्था.

तिने बेरमेतला समोर बसवून सांगितलं, "हो असेल तर वर बघ. नाही असेल तर डोळे मीट." एवढंच! सहा वर्षं कोणी विचारलं नव्हतं. पहिल्या अर्ध्या तासात कळलेल्या गोष्टी: हिला दुधावरची साय आवडत नाही (मी रोज भरवतो). हिला खिडकीपाशी बसायचं आहे. हिला आजीची आठवण येते.

दामिरा म्हणाली, "आता तुम्ही विचारा, बायके."

मी विचारलं, "त्या दिवशी फोनवर बोललो ते तू ऐकलंस?"

वर.

"माझा राग आला?"

वर. मुळीच वेळ न घेता.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

दामिरा उगाचच पिशवी आवरू लागली.

२० नोव्हेंबर

आयोग. दामिराही सोबत आली होती. लांब टेबल, मागे चौघं. अध्यक्षा सोनुन एजे (एजे म्हणजे ताई), पांढरा शेला, चष्मा नाकाच्या टोकावर. शेजारी एक तरुण मानसतज्ज्ञ, टाय बांधलेला, हातात रंगीत ठोकळे.

"लाल ठोकळा निळ्यावर ठेव."

बेरमेतने लाल ठोकळ्याकडे पाहिलं. हात निघाला, बरोबर दिशेने निघाला, मी शपथ घेईन. तेवढ्यात बाहेर दार आपटलं, तिचं अंग दचकून उसळलं आणि ठोकळे उडाले. एक सोनुन एजेंच्या चहात पडला.

"सूचना पाळत नाही," मानसतज्ज्ञाने लिहिलं.

"तिला विचारा," मी म्हणालो. "हो असेल तर ती वर बघते."

"तुझं नाव बेरमेत का?"

वर.

"छताकडे पाहते. लक्ष नाही." हेही त्याने लिहिलं.

मग मी सात नावांची हकीकत सांगितली. चौघांपैकी दोघं हसले. म्हणून दाखवली. बरोबर क्रमाला शांत, चुकीच्या क्रमाला किंकाळी. मानसतज्ज्ञ म्हणाला, "आजोबा, चुकीचं म्हणताना तुमचा आवाज कापतो. ती आवाजाला घाबरते. माझा कुत्राही घाबरतो."

इतकी वर्षं शब्दांवर जगलो आणि शब्दांनी ऐन वेळी पाठ दाखवली.

सोनुन एजेंनी चहातला ठोकळा काढून रुमालाने पुसला. "आजोबा, नावं या कागदावर लिहा. आणि तिकडे भिंतीकडे तोंड करून उभे राहा. दामिरा, तूही."

उभा राहिलो. पन्नाशी उलटल्यावर पुन्हा शिक्षा झालेल्या पोरासारखा. मागून सोनुन एजेंचा आवाज आला, किराण्याची यादी वाचावी तसा सपाट. सात नावं. शांतता. पुन्हा सात नावं. शांतता. भिंतीवर ओलीचा डाग होता, त्याच्या कडा मी मोजत होतो. तिसऱ्यांदा सुरुवात झाली: अझामत, सुयुनबाय, ओमुरझाक, देरबिश... क्रम अगदी बरोबर होता आणि पुढे जाऊन एकाएकी किंकाळी फुटली.

संपलं. बरोबर नावांना ओरडली. मी डोळे मिटले. खाटांच्या रांगा दिसल्या.

टेबलावर कागद सरकल्याचा आवाज आला. मग सोनुन एजे म्हणाल्या, "वळा आजोबा. मी काय चुकले?"

"काही नाही. तुम्ही बरोबर..."

"बोरुबायला गाळलं मी. तुम्हाला कळलं नाही. यांनाही कळलं नाही," असं म्हणत त्यांनी मानसतज्ज्ञाकडे पाहिलं. "खरं सांगायचं तर कागद नसता तर मलाही कळलं नसतं. या खोलीत हिला एकटीला कळलं." मग बेरमेतकडे वळून, मोठ्या बाईशी बोलावं तशा, "माफ कर, बाळ. मुद्दाम केलं."

बेरमेतने वर पाहिलं. या वेळी छताकडे लक्ष असल्याचं कोणी लिहिलं नाही.

निर्णय: शिकण्याजोगी. सोनुन एजे म्हणाल्या, गावात शिक्षक घरी येईल, पण तो कागदावरच येईल. खरं शिकवायचं तर बिश्केकला अशा मुलांचा वर्ग आहे, डोळ्यांनी अक्षरं दाखवायला शिकवतात, सोबत आई हवी. मी मान डोलावली. खरं तर 'शिकण्याजोगी' या शब्दापुढे मला काही ऐकू आलं नव्हतं.

तुर्दाकुनबाबांना मिठाई नेली. म्हणाले, "कढई उकळली एकदाची."

२४ नोव्हेंबर

एलनुराचा फोन. सगळं ऐकून रडली आणि म्हणाली, "आबा, मी नोकरी सोडते. येते."

इतकी चांगली बातमी या घरात मे महिन्यापासून आली नव्हती. कुलीपाची खोली झाडली. पडदे धुतले, ते गोठून फळ्यांसारखे झाले. तिघांसाठी कोळसा पुरेल. एलनुराला चुलीजवळची जागा देऊ; बेरमेतची खिडकी तशीच राहील. अक्षरं मीही शिकवू शकेन. वर्ग घरातच.

१ डिसेंबर

एलनुरा आली. हातांची कातडी साबणाने फाटलेली. लेकीला विचारलं, "मी कोण, ओळखलंस?" बेरमेतने वर पाहिलं आणि मग डोळे आईवरून काढलेच नाहीत.

जेवणानंतर एलनुरा म्हणाली, "आबा, बिश्केकला खोली मिळाली. कामावरच्या दोघी मैत्रिणी आहेत, आम्ही तिघी आणि बेरमेत. एकच खोली आहे हो, नाहीतर..."

"कळलं," मी म्हणालो.

"वर्ग जानेवारीत सुरू होतो. परवाची गाडी आहे."

"पडदे धुतलेत मी," मी म्हणालो. का म्हणालो ते माहीत नाही.

तिने खिडकीवरच्या पडद्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तुम्ही म्हणालात तर थांबते मी. खरंच. इथला शिक्षक येईल तेव्हा येईल."

मी नेमकं हेच म्हणणार होतो. वाक्य तयार होतं, चांगलं होतं. पण खिडकीपाशी बेरमेत आमच्याकडे पाहत होती, आणि तिला सगळं कळतं हे आता मला कळलेलं होतं. तिच्या डोक्यावरून बोलायची सोय गेली.

"तिला विचारू," मी म्हणालो.

तिच्यासमोर जाऊन बसलो. किर्गिझमध्ये विचारलं, "बेरमेत, आईबरोबर शहरात जायचं? शाळेत?"

वर.

शास्त्र सांगतं, एकदा उत्तर मिळालेला प्रश्न पुन्हा विचारू नये. मी विचारला. एलनुराला कळू नये म्हणून मराठीत विचारला. आणि अर्धा प्रश्न तोंडातून निघून गेल्यावर लक्षात आलं की ही भाषा तर बेरमेतलाही कळायची नाही, पण तोवर थांबता येईना.

"मी तिथे नसलो तरी?"

या वेळी तिने वेळ घेतला. माझ्याकडे पाहत राहिली. दोन्ही हात ताठले, ओठ हलले, काहीतरी येऊ पाहत होतं आणि वाटेतच अडत होतं. मी वाट पाहिली. सात नावं म्हणून झाली असती इतका वेळ.

मग तिने वर पाहिलं.

"बरं," मी मराठीतच म्हणालो, आणि तिचे गरम कपडे काढायला उठलो. बसून राहिलो असतो तर आणखी काहीतरी विचारलं असतं.